पेन्शनीतली पहिली वेचणी

रस्त्याकडेच्या बाभळींना पुन्हा कापूस लागलाय. शेतांतून कापूस भरून निघालेल्या बैलबंड्या पांढरकवड्याच्या, सरकी काढणाऱ्या जिनांकडे जाताना झाडांना घासतात आणि जाता जाता काट्यांवर थोडा थोडा कापूस ठेवून जातात. परगावच्या माणसाला वाटावं, या मुलखात बोंडं बाभळीलाच धरतात. मी अंगणात उभी राहून ते पाहत असते आणि आतून यांचा आवाज येतो, "अगं, मोहरी टाकली की ती वर उडते, जिरं काहून नाही उडत?"

यांनी आता साठी ओलांडली. प्रश्न काही सरले नाहीत.

कापसाचे किती हंगाम आले आणि गेले. पण हवेत हा कोरडा गारवा आला, धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं, गवत पिवळं पडलं, की माझं मन एकाच हंगामाकडे धाव घेतं. आम्ही पेन्शनीत आलो, त्यानंतरचा तो पहिला हंगाम.

राज्यं नव्यानं आखली गेली आणि नागपूरची राजधानी गेली, तेव्हा यांच्या कचेरीतली काही माणसं भोपाळला निघाली, काही मुंबईला. हे कुठेच निघाले नाहीत. नोकरीची बरीच वर्षं बाकी होती, तरी एक दिवस घरी आले, पानावर बसले आणि म्हणाले, "मी सोडली."

मी वाढत होते. मला वाटलं, भाजी सोडली म्हणतात. "काहून, खारट झाली का?" मी विचारलं.

नोकरी सोडल्याची बातमी मला अशी कळली. रागवावं की घाबरावं हे काही तेव्हा ठरवता आलं नाही. आमची एकुलती मुलगी जबलपूरला दिलेली, ती तर बसल्या जागी परराज्यात गेली होती. सगळंच इकडचं तिकडे होत होतं, त्यात आमचं बिऱ्हाड हललं, इतकंच.

यवतमाळला यांचे थोरले बंधू नावाजलेले वकील. त्यांच्या घरात आम्हाला जागा होती. पण त्यांच्या घरात राहायचं म्हणजे त्यांच्या घड्याळानं उठायचं. म्हणून हे आणखी पुढे, पांढरकवड्याला आले. तरुणपणी दौऱ्यावर असताना इथला मुक्काम यांना आवडला होता. गावाच्या टोकाला, हैदराबादच्या सडकेपासून जरा आत, कवेलूच्या, म्हणजे कौलारू, दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. मागे परसू, आणि परसाच्या तुराट्यांच्या कुडापलीकडे शेवंताबाईचं घर. शेवंताबाई म्हणजे कापूस-तुरीचं वावर राखणारी, दणदणीत आवाजाची बाई. तिचा नवरा दम्यानं बेजार असायचा. शेती तीच पाहायची.

मुदतीआधीची पेन्शन तोकडीच असणार, हे ठाऊक होतं. मी मनाची तयारी करून आले होते. चहात साखरेच्या जागी गूळ आला. बाजाराला दिवस कलता कलता जायचं, कारण तेव्हा भाजीवाल्या पाट्या रिकाम्या करायच्या घाईत असतात. यांच्या कचेरीच्या कोटाचं अस्तर निघालं, त्याची पिशवी झाली. एका धोतराला किती जन्म असतात, हे मला त्या वर्षी कळलं. धोतर विरलं की पंचा, पंचा विरला की गाळणं, गाळणं विरलं की पोतेरं, आणि अगदी शेवटी कंदिलाची काच पुसायची चिंधी. यात मला कष्ट वाटले नाहीत. उलट, एखादी वस्तू आणखी काय होऊ शकते हे शोधून काढण्यात एक मजा होती, आणि ती मजा माझ्याआधी यांना सापडली.

पहिले काही दिवस हे सवयीनं वेळेवर आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसत. सडकेवरून ट्रक जायचे, ते मोजत नसत, नुसते पाहत. मग एक दिवस टोपी खुंटीवर राहिली आणि हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. तिथून पुढे उठलेच नाहीत म्हणा ना.

"या डब्यात काय आहे?"

"जवस."

"आणि यात?"

"त्याचीच चटणी."

"मग दोन डबे कशाला?"

सारा जन्म त्या डब्यांतलं खाल्लेला माणूस पहिल्यांदाच डबे उघडून पाहत होता. चुलीत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या भसाभसा का जळतात आणि बाभळीचं लाकूड का दम धरतं, निखाऱ्यावर राख ओढली तर तो किती वेळ जिवंत राहतो, हे सारं यांना बघायचं होतं. सकाळच्या निखाऱ्यावर तुरीची डाळ ठेवून, वर पोतं गुंडाळून, दुपारपर्यंत ती आपोआप शिजते असा शोध यांनी लावला आणि तो खरा निघाला. जळण वाचलं. मग चहाची पत्ती वाळवून पुन्हा वापरायचा शोध लावला. तो चहा आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता प्यायलो आणि त्या शोधाचं नाव पुन्हा निघालं नाही.

गंमत होती. पण मला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती, हेही खरं. नागपूरला हे कचेरीत गेले की दुपार माझी असायची. त्या दुपारी मी मोठं काही केलं असं नाही. निवडणं, टिपणं, शेजारणीशी दोन शब्द, जमिनीवर पदर पसरून पडणं. कधी नुसतंच खिडकीतून लिंबाकडे पाहणं. आता लिंब नव्हता, आणि पदर पसरून पडलं की उंबऱ्यावरून प्रश्न येई, "बरं नाही का?"

एक दिवस यांनी मला सरळच विचारलं, "मी कचेरीत गेलो की तू दिवसभर काय करायचीस?"

"काही नाही."

"काही नाही कसं? इतकी वर्षं?"

यांच्या आवाजात संशय नव्हता, ठपका नव्हता. निव्वळ कुतूहल होतं. मी घागर घेतली आणि पाण्याला गेले.

दिवाळी होऊन गेली होती. शेवंताबाईच्या वावरात सीतादही झालं. पहिल्या वेचणीआधी शेताच्या कडेला दगड मांडून, दहीभात ठेवून पूजा करतात, त्याचा प्रसाद तिनं कुडावरून दिला. आणि मग एकदमच ऊन तापलं आणि साऱ्या पंचक्रोशीतली बोंडं एकाच वेळी फुटली. वेचायला बाया मिळेनात. एका सकाळी शेवंताबाई कुडापाशी येऊन उभी राहिली. नेहमीचा दणदणीत आवाज बसला होता.

"काय सांगू बाई, सारं वावर पांढरं झालं. तांड्यावरच्या चार जणी येऊन राह्यल्या, तेवढ्यानं काय होते? आभाळ आलं ना, तं सारा कापूस डागी होते. मग जिनवाला हात नाही लावत."

मी म्हटलं, "मी येऊ?"

हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि मीच चमकले. शेवंताबाई हसली. "काहून थट्टा करता बाई गरिबाची?"

"थट्टा नाही. शिकवाल तर येते."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "या मंग," ती म्हणाली. "पण बाबूसाहेबाले इचारून या."

विचारायला आत वळले, तर हे उंबऱ्यावर होतेच. सगळं ऐकलेलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "जेवणाचं काय करायचं?" मला वाटलं, झालं, हा नकारच. पण हे चुलीकडे पाहत होते. "भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवतात की गार?"

"गरम," मी म्हटलं आणि पायांत वहाणा घातल्या.

शेवंताबाईच्या वावरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तो क्षण मला अजून अंगावर जाणवतो. नागपूर सोडल्यापासून मी इतकं मोठं आभाळ पाहिलंच नव्हतं. घर ते विहीर, घर ते बाजार, एवढाच माझा मुलूख. इथे पऱ्हाट्यांच्या ओळी थेट पळसांच्या रांगेपर्यंत गेलेल्या आणि प्रत्येक झाडावर उमललेलं पांढरं. दवानं ओली झालेली पानं लुगड्याला चिकटत होती. मातीचा वास, तुरीच्या फुलांचा वास आणि या दोन्हींखाली आणखी एक कोरडा, उबदार वास. तो कापसाचा, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. गादीत, वातीत, सुतात सारा जन्म कापूस हाताळला, पण त्याला झाडावर वास असतो हे कधी कळलं नव्हतं.

कमरेला जुन्या लुगड्याचं धडपं झोळीसारखं बांधलं. शेवंताबाईनं एकदाच दाखवलं. बोंडाच्या पाकळ्या वाळून टोकदार झालेल्या असतात. पाच बोटं आत घालायची, मुळाशी धरायचं आणि एका हिसक्यात सारा कापूस बाहेर. दिसायला सोपं. माझी बोटं पहिल्याच ओळीत सोलवटली. माझ्या कापसात पाचोळा येत होता. बाकीच्या बाया ओळ संपवून परतायच्या, तेव्हा मी मध्यावर असायची. तांड्यावरच्या बंजारा बाया आपसांत त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणायच्या आणि माझ्याकडे पाहून खळखळून हसायच्या. शब्द कळत नव्हते, पण हसण्यात बोचरं काही नव्हतं. मीही हसू लागले. दुपारपर्यंत त्यांतली एक जण न सांगता माझ्या ओळीत उलट्या टोकानं शिरली आणि आम्ही मध्ये येऊन भेटलो.

पाठ मोडली होती. बोटं जळत होती. आणि मला असं वाटत होतं, की अंगात कुणी दुसरीच बाई येऊन राहिली आहे आणि मी तिच्याकडे नवलानं पाहते आहे. ही कोण? हिला चार माणसांत मोठ्यानं हसता येतं? हिला भूक लागते ती अशी?

घरी आले तर यांनी ताट वाढून ठेवलं होतं. भाकरी एका बाजूनं जाड, एका बाजूनं कागदासारखी, मध्ये भोक. डब्यांची सारी फळी उंचीप्रमाणे लावलेली, त्यामुळे हिंग कुठे गेला ते पुढे आठवडाभर सापडलं नाही. वरणाचं भांडं अर्धं रिकामं.

"उतू गेलं," हे म्हणाले. "उतू कसं जातं हेच पाहत होतो, तेवढ्यात गेलं."

मी जेवले. आजवर माझ्यापुढे कुणी वाढलेलं ताट ठेवलं नव्हतं, माहेर सोडल्यापासून तर नाहीच. भाकरीच्या भोकातून ताटाचं पितळ दिसत होतं. मी ती भाकरी कोरभरही टाकली नाही.

मग मी रोज जाऊ लागले. शेवंताबाई मला मजुरी द्यायला लाजायची आणि मी घ्यायला. त्यावर तिनंच तोड काढली. संध्याकाळी पदरात तुरीच्या हिरव्या शेंगा टाकायची, वांगी टाकायची, कधी अंबाडीची जुडी. आमचा भाजीबाजार जवळपास बंदच झाला. सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी, सोलेभात, वाफवलेल्या शेंगा. हे शेंगा सोलायला बसत आणि एका शेंगेत दाणे कमी आणि दुसरीत जास्त का, यावर विचार करत. मी वावरातल्या गोष्टी सांगायची. कचेरीतून आलेल्या माणसाला घरच्या बाईनं विचारावं, तसं हे मला विचारत, "आज काय झालं?" आणि मला रोज सांगण्यासारखं काही तरी असे.

गावाला मात्र यात सांगण्यासारखं वेगळंच दिसलं. पेन्शनवाल्या बाबूची बायको मजुरीला जाते. ही बातमी यवतमाळच्या मोटारीत बसून कधी गेली कुणास ठाऊक. एका दुपारी माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले बंधू, काळा कोट आणि छत्री घेऊन दारात उभे राहिले.

त्या वेळी हे चुलीपुढे होते. कमरेला पंचा, हाताला पीठ. आणि तेवढ्यात मागच्या दारानं मी आले. केसांत कापसाचे तंतू, हातांवर ओरखडे, पदरात वांगी. मी डोक्यावर पदर ओढला आणि दाराआड झाले. भासऱ्यांसमोर मी आजवर एक शब्द बोललेली नव्हते.

"हे काय चाललंय?" ते यांना म्हणाले. "भागत नसेल तर मला सांगायचं. बायकोला दुसऱ्याच्या वावरात राबवतोस? कोर्टात लोक मला विचारतात."

"दादा, बसा ना. भाकर गरम आहे."

"मी जेवायला नाही आलो. ऐक. यवतमाळला एका जिनिंग कारखान्यात हिशेबनीस पाहिजे. मी बोलून ठेवलंय. माझ्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत. पाण्याचा नळ आहे, विजेचे दिवे आहेत. पुढच्या आठवड्यात सामान आणा."

यांनी दादांचं कधी मोडलेलं नव्हतं. मी दाराआडून यांची पाठ पाहत होते. पाठीचा कणा बाहेर आला होता, हे वाळले होते. मला वाटलं, आता हे हो म्हणतील. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात नळ वाहू लागला होता. विजेचा दिवा लागला होता. हे सकाळी कामावर निघून गेले होते आणि दुपार पुन्हा माझी झाली होती.

"दादा, ती मजुरीसाठी नाही जात," हे म्हणाले.

"मग कशासाठी जाते?"

तवा तापला होता, त्याचा वास येऊ लागला. "ते मलाही ठाऊक नाही," हे शांतपणे म्हणाले. "मीही हाच विचार करून राहिलो. तिलाच विचारा ना."

भासरे दाराकडे पाहू लागले, हेही वळून पाहू लागले. इतक्या वर्षांत या दोन्ही भावांनी मला काही विचारून त्याच्या उत्तरासाठी थांबावं, असं पहिल्यांदाच घडत होतं. पदराच्या आत माझे कान तापले. शेवंताबाईची निकड सांगावी, जळण-भाजी वाचते असं सांगावं, अशी बरीच शहाणी उत्तरं समोर येऊन गेली. ती सगळी खरी होती. पण ती कारणं नव्हती.

"मला तिथं बरं वाटतं," मी म्हणाले. "म्हणून जाते."

एवढंच. याहून मोठं काही मला सुचलं नाही. भासऱ्यांनी छत्री भिंतीला टेकवली, पुन्हा उचलली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, कोट काढून ते पाटावर बसले. यांनी वाढलेली वाकडी भाकर त्यांनी मुकाट्यानं खाल्ली. दुसरी नको म्हणाले. जाताना दारात थांबून म्हणाले, "हिशेबनिसाची जागा महिनाअखेरपर्यंत आहे." त्या संक्रांतीला त्यांच्या घरून तीळगूळ आला नाही. पुढे बरंच निवळलं, पण त्या संक्रांतीला नाहीच आला.

संध्याकाळी हे म्हणाले, "कचेरी सोडली तेव्हा तुला विचारलं नव्हतं. आता विचारतो. यवतमाळला जायचं का?"

मी लगेच नाही म्हटलं नाही. नळाचं सांगितलं. दिव्याचं सांगितलं. दुपारचंही सांगितलं, की हे घरात असले की मला माझी जागा सापडत नाही. बोलता बोलता मला भीती वाटली, यांना लागेल. यांना लागलंच. मग म्हणाले, "मला उंबऱ्यावरून हलायला हवं, असं म्हण ना." आणि थोड्या वेळानं, "वेचणी संपू दे. मग ठरवू."

दोन-तीन दिवसांतच आभाळ भरून आलं. सकाळपासून पश्चिमेकडे काळोखी धरली होती, वारा पडलेला. शेवंताबाईचा दमेकरी नवराही काठी टेकत धुऱ्यावर येऊन बसला. आम्ही बाया बोलणं सोडून नुसत्या वेचत होतो. वर पाहायचं नाही, असं जणू ठरलं होतं. शेवंताबाईचं सारं वर्ष त्या उरलेल्या ओळींवर लोंबकळत होतं.

आणि धुऱ्यावरून हे आले. हातात भाकरीचं फडकं, डोक्याला पंचा गुंडाळलेला. फडकं खाली ठेवलं, पंचा सोडून कमरेला झोळीसारखा बांधला आणि माझ्या शेजारच्या ओळीत शिरले. बायांत कुजबुज झाली. यांचं लक्षच नव्हतं. पहिलं बोंड हातात घेऊन हे फिरवून फिरवून पाहू लागले. "यात कप्पे असतात गं," मला म्हणाले. "प्रत्येकात वेगळा कापूस."

तिकडून शेवंताबाई ओरडली, "वो बाबूसाहेब! बोंड मंग पाहा, आंधी कापूस घ्या!"

साऱ्या जणी हसल्या. तिचा नवराही खोकता खोकता हसला. हे ओशाळले आणि भराभर वेचू लागले. यांची झोळी माझ्याहूनही हळू भरत होती. बोटं टोचली की दचकत, तोंडात घालत, पुन्हा वेचत. दुपार उलटली तशी थेंब पडू लागले, टपोरे, विरळ. बंडीवर ताडपत्री ओढली गेली. शेवटच्या काही ओळी भिजल्या, त्या भिजल्याच. पण बाकी सारा कापूस ताडपत्रीखाली होता. शेवंताबाई बंडीच्या चाकाला पाठ लावून खाली बसली आणि रडली. आनंदानं की दमून, हे तिलाही सांगता आलं नसतं. मग उठून तिनं बैल जुंपले.

बंडी गाडवाटेनं गेली. त्या वाटेवर चिखल होऊ लागला होता, म्हणून आम्ही दोघं पळसांच्या कडेनं, पायवाटेनं निघालो. थेंब थांबले होते. ओल्या पऱ्हाट्यांचा उग्र वास सुटला होता. वाट एका माणसापुरतीच होती. लग्न झालं त्या दिवसापासून अशा वाटेवर मी यांच्या मागून चालत आले, म्हणून सवयीनं थांबले.

हेही थांबले. म्हणाले, "तू हो पुढे. तुला ठाऊक आहे ना इकडची वाट."

मला ठाऊक नव्हती. मी रोज गाडवाटेनंच यायची, पळसांच्या बाजूला कधी आलेच नव्हते. तरी मी पदर खोचला आणि पुढे झाले.

मागून यांच्या वहाणांचा आवाज येत होता. थोडं गेल्यावर प्रश्न आला, "ही वाट निघते कुठे गं?"

"चला तर," मी म्हटलं. "बघू."

आम्ही यवतमाळला गेलो नाही.